मन लागेल असं काम

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी "कारखाना बरा चाललाय" म्हणाले आणि तुला ऐकू आलं "कारखाना बरा झालाय." तू विचारलंस, "आजारी होता का गं?" मी हसले खरी, पण फोन ठेवल्यावर वाटलं की तुला बरोबरच ऐकू आलं होतं.

आजारीच आहे तो. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. नोकरी सोडून मी खुर्च्यांच्या धंद्यात पडले, तेव्हा वाटलं होतं की हिशेब कळतो, गिऱ्हाइकाशी बोलता येतं, बाकीचं माणसं सांभाळतील. माणसं बरीचशी तीच आहेत. हेडमिस्त्री आहेत, पॉलिशवाले काका आहेत, तू विणकाम खातं सोडून मुलाकडे गेलीस तेव्हा तुझ्या जागेवर बसवलेली सुगरणही आहे. (परवा एका नव्या गिऱ्हाइकाला वाटलं, ती कारखान्यात स्वयंपाक करते. सुगरण पक्ष्यासारखी विणते म्हणून तूच हे नाव ठेवलंस, हे मला त्याला समजावून सांगावं लागलं.)

सगळे वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. मधे जे होतं त्याला काम म्हणायचं, इतकंच. कुणी कुणाची खोडी काढत नाही. रंध्याचा आवाजसुद्धा कंटाळल्यासारखा येतो. मागच्या महिन्यात एका हॉटेलने गाडीभर खुर्च्या परत पाठवल्या. बसलं की कुरकुरतात म्हणे.

मी काही हातावर हात ठेवून बसले नाहीये. हजेरीचं बक्षीस सुरू केलं. दाराशी फलक लावला, "महिन्याचा मानकरी". पहिला फोटो सुगरणीचा. ती पट्टी न लावता सरळ रेघ विणते, तिच्याशिवाय कुणाचा लावणार? थोड्याच दिवसांत फोटो गायब. तिनेच काढून डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला होता. "हरवला असेल," म्हणाली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. तेव्हापासून फलक रिकामा आहे आणि येणारा-जाणारा विचारतो, "इथे कोण?"

बाबांचं काय होतं गं? त्यांनी कधी फलक लावला नाही, बक्षीस वाटलं नाही. तरी लोक सुट्टीच्या दिवशीसुद्धा 'इकडूनच चाललो होतो' म्हणत डोकावून जायचे. लाकडांच्या थप्प्यांवर मी खारीसारख्या उड्या मारायचे तेव्हा सगळा कारखाना हसतोय असं वाटायचं. काही युक्ती असेल तर कळव.

तुझी,
खार


२१ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आणि मग अक्षर बघायला म्हणून आणखी एकदा. इथे वेळच वेळ आहे. घर मोठं, हवा चांगली, मुलगा-सून दोघंही जीव लावतात. सूनबाई इकडची काडी तिकडे करू देत नाही. मी अगदी मजेत आहे.

युक्ती विचारतेस! अगं, तुझ्या बापाला युक्त्या जमल्या असत्या तर तो खुर्च्या कशाला बनवत बसला असता? तू त्याला देव करून ठेवलंयस. दादा तापट होता. एकदा रागाच्या भरात त्याने चांगली तयार खुर्ची अंगणात भिरकावली. ती मोडली नाही, तेव्हा स्वतःच जाऊन उचलून आणली आणि ज्याच्यावर ओरडला होता त्यालाच म्हणाला, "काम पक्कं आहे हं तुझं." सगळे पोट धरून हसले. तोही हसला.

एक गोष्ट सांगते. तू तेव्हा जन्मायची होतीस. गावात नवं नाट्यगृह बांधलं आणि त्याच्या सगळ्या खुर्च्यांचं काम आपल्याकडे आलं. लाकडी पाय, वेताची पाठ. वर्षभर आमचा श्वास त्यातच चालला होता. पहिल्या प्रयोगाला नाट्यगृहाच्या मालकांनी दादाला सहकुटुंब पुढच्या रांगेचं आमंत्रण दिलं. दादा म्हणाला, "पुढची नको, मागची द्या. पण अख्खी द्या."

आम्ही सगळे गेलो. करवतीवरचे, पॉलिशचे, विणकामाच्या बायका, कडक इस्त्रीचे कपडे घालून. पडदा उघडला, पण रंगमंचाकडे बघतंय कोण! पॉलिशवाला, आज ज्याला तुम्ही काका म्हणता, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा होता. दिव्यात चमक कशी दिसते ते मान तिरकी करून बघत होता. मी पुढच्या बाईच्या पाठीमागून माझी वीण शोधत होते. मध्यंतरानंतर आमच्या समोर एक भारदस्त बाई येऊन बसल्या. चांगल्याच भारदस्त. तेव्हाचे हेडमिस्त्री श्वास रोखून बघत होते. बाई बसल्या, टेकल्या, बैठक बदलली. खुर्ची गप्प. मिस्त्रींनी दादाचा हात घट्ट धरला आणि कुजबुजले, "मालक, एक शब्द बोलली नाही!"

नाटक कसलं होतं ते आजही मला सांगता येणार नाही. पण घरी परतताना आम्ही सगळे रस्त्याच्या मधून चालत होतो, एवढं आठवतं.

तब्येतीला जप. जेवण वेळेवर घे.

तुझी आत्या


१९ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून हुरूप आला. म्हटलं, आपलं चुकलं ते इथेच, आपण लोकांना चार भिंतींत कोंडून ठेवलंय. एक दिवस काम बंद ठेवलं आणि सगळ्यांना गावाबाहेरच्या बागेत नेलं. एकसारखे पिवळे सदरे शिवून घेतले. उत्साह कसा वाढवावा यावर व्याख्यानं देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनाही बोलावलं.

त्यांनी सगळ्यांना हिरवळीवर डोळे मिटून बसवलं. म्हणाले, "आता तुम्ही गरुड आहात. आकाशात उंच उडताय. काय दिसतंय?" शेवटी त्यांनी पॉलिशवाल्या काकांनाच पकडलं. काका डोळे मिटूनच म्हणाले, "वर पॉलिशचा वास येत नाहीये साहेब, तेवढं बरं वाटतंय." कुणी हसलंसुद्धा नाही, आत्या. पूर्वी या वाक्यावर आठवडाभर खिदळले असते.

परतताना बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी हेडमिस्त्रींनी नोटीस दिली. पावसाळा लागला की जाणार. कारण विचारलं तर म्हणाले, "गुडघे दुखतात." त्यांचे गुडघे मी लहान असल्यापासून दुखताहेत.

खरं सांगू, मला राग आलाय. मी कुणाला वेडंवाकडं बोलत नाही, पगार एक दिवस उशिरा केला नाही, सणासुदीला हात आखडता घेतला नाही. आणखी काय करायचं माणसाने? त्या दिवशी अंगणाची मापं घ्यायला माणसं आली होती, त्यांच्याशी धड बोलायलासुद्धा मला सुचत नव्हतं, इतकं डोकं उठलं होतं.

तूच सांग आता.

खार


२८ मार्च

चि. खारीस,
आशीर्वाद.

अगं वेडे, मी सहलीचं सांगितलं होतं का? मी खुर्चीचं सांगितलं होतं.

ते राहू दे. अंगणाची मापं कोण घेतंय?

तू ओळीच्या मधे लपवून लिहिलंस, पण मी जन्मभर विणकाम केलंय, सुटलेला धागा मला लगेच दिसतो. जागा विकायचा विचार आहे ना? कारखाना तुझा आहे, तुझ्या डोक्यावर काय काय आहे ते मला इथे बसून कळणार नाही. विकायचा असेल तर वीक. पण मला दूर बसून जे दिसलं ते तिथे मापाची फीत धरलेली माणसं डोळ्यांनी बघणाऱ्यांना दिसलं नसेल का?

दादाने एकदा हेच केलं होतं. लोखंडी घडीच्या खुर्च्या बाजारात आल्या आणि आपल्या ऑर्डरी आटल्या. दादा कुणाशी काही बोलेना. केबिनचं दार लावून बसायचा, बाहेर आला की कुणाच्या तरी अंगावर जायचा. कारखाना बंद होतोय ही बातमी मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, चहावाल्याकडून कळली. मी तशीच केबिनमध्ये गेले. म्हटलं, "दादा, तू सांगत नाहीस म्हणून आम्ही विचार करायचे थांबत नाही. काय चाललंय ते आमचं आम्ही ठरवतो, आणि वाईटच ठरवतो. ज्याला उद्या इथे यायचंय की नाही ते ठाऊक नाही, त्याच्याकडून तू आज पक्का सांधा मागतोस?"

माझ्यावर ओरडला. बहिणीवर ओरडायला काय जातंय! पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. सांगता सांगता त्याला रडू आलं. आम्ही कुणी त्याला असं पाहिलं नव्हतं. काही जण सोडून गेले. त्यांना पोरंबाळं होती, दादाने एका शब्दाने अडवलं नाही. उरलेले अंधार पडेपर्यंत तिथेच बसले. कुणी काही सुचवलं, कुणी काही. विणकामातल्या एका बाईच्या कडेला वर्षाचं मूल होतं. ती म्हणाली, "याला जेवायला बसवायची उंच खुर्ची बनवा की, माझा हात मोडला घेऊन घेऊन." त्या उंच खुर्च्यांनी वर्ष काढलं. भरभराट नाही झाली, पण वर्ष निघालं.

आणखी एक सांगते, कुणाला बोलले नाही कधी. दादा सगळ्यांच्या कामाला नावाजायचा. मला मात्र उभ्या जन्मात एकदाही "छान विणलंस" म्हणाला नाही. घरचीच ना मी! त्याचं मला अजून लागून आहे. तेव्हा घरचं म्हणून कुणाला गृहीत धरू नकोस.

उत्तर लगेच लिही.

आत्या


२ मे

चि. खारीस,

महिना होऊन गेला, पत्र नाही. माझं बोलणं लागलं का? तसं असेल तर लागलं म्हणून तरी लिही. इथे दुपारी टपालवाल्याची सायकल वाजते, तेवढाच एक आवाज मला लांबून ऐकू येतो.

आत्या


१३ मे

ती. आत्यास,
नमस्कार.

लागलं होतं. पण त्यासाठी गप्प नव्हते. सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता झालंय.

तू ओळखलंस ते खरं. एक जण जागेला गिऱ्हाईक म्हणून आला होता. त्याला गोदामं बांधायची होती. हॉटेलच्या खुर्च्या परत आल्या त्याच आठवड्यात आला आणि मला वाटलं, सुटले. तुला लिहायला धीर झाला नाही. तू "वीक" म्हणालीस तेव्हा तर मी केबिनमध्ये बसून रडले. तू "विकू नकोस" म्हणशील आणि मग मला तुझ्यावर चिडता येईल, अशी तयारी करून बसले होते.

शेवटी सगळ्यांना अंगणात बोलावलं. बाबांसारखं बोलता येईल असं वाटलं नव्हतं, आणि आलंही नाही. अडखळत सांगितलं की गिऱ्हाईक आहे, मी अजून होय-नाही काही म्हटलेलं नाही, आणि मला कारखाना चालवता येत नाहीये.

मग हेडमिस्त्री म्हणाले, "आम्हाला ठाऊक होतं ताई. तुम्ही कधी सांगताय तेवढंच बघत होतो."

"म्हणून नोटीस दिलीत?"

"नाही. नोटीस लाकडापायी दिली."

लाकडाचं तुला सांगायला हवं. हॉटेलची घाई होती आणि वाळलेलं लाकूड मिळायला वेळ लागणार होता, म्हणून मी ओलसर लाकूड उचललं. मिस्त्रींनी तेव्हा हरकत घेतली होती. मी म्हटलं होतं, चालवून घ्या.

मिस्त्री म्हणाले, "मी सांधा बसवतो तेव्हाच मला कळतं की लाकूड सुकलं की हा ढिला पडणार. तरी बसवायचा, वर पॉलिश मारायचं आणि पुढे ढकलायचं. दिवसभर हेच. घरी गेलो की बायको विचारते, आज काय केलंत? काय सांगू? उद्या कुरकुरणाऱ्या खुर्च्या केल्या? वर तुम्ही आम्हाला बागेत नेऊन गरुड केलंत."

यावर मात्र पॉलिशवाल्या काकांना हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच. मलाही. हसता हसता मी तोंड फिरवलं.

मग सुगरण बोलली. तिला मी फोटोचं पुन्हा विचारलं नव्हतं, तिनेच विषय काढला. "ताई, खुर्चीचे पाय मिस्त्रींनी घडवले, चमक काकांनी आणली, मी फक्त बैठक विणली. आणि दारात फोटो माझा एकटीचा. डबा खाताना घास उतरेना मला. पण फेकला नाही हं. घरी भिंतीवर लावलाय. नवरा येता-जाता नमस्कार करतो, मेला."

संध्याकाळपर्यंत बसलो. पॉलिशच्या दोन पोरांनी सांगितलं, आम्ही दुसरीकडे बघतोय. जा म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. बाकीच्यांशी ठरलं ते असं: ओलं लाकूड रचून ठेवायचं, वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हॉटेलच्या खुर्च्या खोलून पुन्हा बांधून द्यायच्या. हॉटेलवाल्याकडे मी एकटी जाणार होते. मिस्त्री म्हणाले, "मी येतो. माझ्या सांध्याबद्दल तुम्ही काय बोलणार?" गेलो दोघं. त्याने आधी फैलावर घेतलं, मग चहा दिला.

गोदामवाल्याला 'नाही' म्हणून कळवलंय. मिस्त्रींनी नोटीस मागे घेतलेली नाही. विचारलं तर म्हणाले, "गुडघ्यांना विचारून सांगतो."

तुझी,
खार


२४ मे

चि. खारीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. सुगरणीच्या नवऱ्यापाशी आले तेव्हा इतकी हसले की सून पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं ठसका लागला.

पण लाकूड वाळेपर्यंत लोक काय करणार? रिकाम्या हाताने माणूस फार लवकर म्हातारा होतो. मी म्हणजे माझं नाही सांगत, मला इथे खूप उद्योग असतात. बाल्कनीतल्या कुंड्या आहेत. त्यांनाही पाणी घालायला माणूस येतो, पण मी लक्ष ठेवते.

तुझी आत्या


१६ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार.

तू विचारलंस, लोक काय करणार. ऐक.

सुगरणीच्या शेजारणीने तिची जुनी खुर्ची विणून मागितली. बैठकीला भोक पडलेलं. तिने ती कारखान्यात आणली. दुसऱ्या दिवशी कुणी दोन आणल्या. पॉलिशवाले काका म्हणाले, "दारावर पाटी लावा ना, जुन्या खुर्च्या नीट करून मिळतील." फलक रिकामाच होता, त्याच्यावरच रंगवलं.

आत्या, गाव लोटलं. माळ्यांवरून, अडगळीतून खुर्च्या निघाल्या. आणि त्यांतल्या कितीतरी आपल्याच! मिस्त्री पाय उलटा करून बघतात आणि सांगतात, हा अमक्याच्या हातचा, हा तमक्याच्या. ती माणसं गेली, पण दिवसभर त्यांच्याबद्दल बोलणं चालतं. कोण शिट्टी वाजवत रंधा मारायचा, कोण डब्यातलं गोड कुणाला न देता खायचा. बाबांनी भिरकावली ती खुर्चीसुद्धा आली असावी असं काकांचं म्हणणं आहे. मला ते खोटं वाटतं, पण मी बोलत नाही. छपराखाली रचलेलं लाकूडही आता वाळत आलंय, नव्या वाचनालयाचं काम घेतलंय. मिस्त्रींच्या गुडघ्यांनी राहायचं ठरवलं. परवा सुट्टी होती. मी सहज म्हणून गेले, तर तिघं जण आधीच आत होते. "इकडूनच चाललो होतो," म्हणाले.

आता अडचण सांगते. जुन्या खुर्च्यांच्या पाठीवर ती चांदणीची वीण आहे ना, ती कुणाला येत नाही. सुगरणीला अर्धी आठवते, मग चुकते, मग उसवते. नव्या आलेल्या मुली तिच्या तोंडाकडे बघत बसतात. काल तिने वेत खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, आक्कांना बोलवा. ही वीण त्यांच्याबरोबर गेली तर मग गेलीच."

मी म्हटलं, या वयात आत्याला कशाला त्रास? तर म्हणाली, "तुम्ही विचारलंत का त्यांना?"

म्हणून विचारते. पाहुणी म्हणून नाही, कामावर येशील का? चांदणीची एक खुर्ची माझ्या केबिनमध्ये ठेवली आहे. रोज बघते. आत्या, बाबा कधी म्हणाले नाहीत ते नाहीत, पण मी म्हणते. काय सुंदर विणलंयस गं!

तुझी,
खार


२५ ऑगस्ट

चि. खारीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं. शेवटच्या ओळीशी मी थांबले ती बराच वेळ पुढे गेलेच नाही. पुढे काही नव्हतंच म्हणा.

मी तुला मजेत आहे, मजेत आहे असं लिहीत होते. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. इथे मला कुणी दुखवत नाही. फक्त मी उठले नाही तर कुणाचं काही अडत नाही. सकाळी जाग आली की आधी हेच आठवतं.

जेवताना मुलाला सांगितलं, मी कामावर चालले. त्याचा घास हातात राहिला. "आई, तुला इथे काय कमी आहे?" म्हटलं, "काही कमी नाही रे बाबा. पण तिथे एक वीण अडलीय."

तो सुनेकडे बघायला लागला. मला वाटलं, आता ती डॉक्टरांचं नाव काढणार. तर ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझे हात हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाली, "आई, मला कधी दाखवली नाहीत ती वीण." तिला दाखवावीशी वाटेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आता ती मला सोडायला येतेय आणि चार दिवस राहणार म्हणते. तिलाही मुलींच्या रांगेत बसवू.

बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत. सकाळी आखडलेली असतात. पण काल सुतळी घेऊन पलंगाच्या दांडीवर बांधून पाहिलं. चांदणी पडली. जराशी तिरकी, पण पडली.

रविवारी सकाळी पोचतो. मुलींना म्हणावं, वेत फार आधी भिजत घालू नका, गळून जातो. मी हातपाय धुवायला गेले की घाला. येईपर्यंत मऊ होतो.

तुझी,
आत्या